टाइपरायटर काट्यावर घालण्यापूर्वी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागात तालुक्याच्या गावांतील टंकलेखनाचे वर्ग एकेक करून बंद पडले. त्या वर्गांतील यंत्रांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. बहुतेक यंत्रे भंगाराच्या काट्यावर गेली. कचेरीतील मोठ्या टाइपरायटरचे वजन साधारण चौदा-पंधरा किलोच्या घरात असते आणि त्यात लोखंड पुष्कळ असल्यामुळे भंगारवाल्याला तो सौदा परवडतो. विकणाऱ्याचीही खोली रिकामी होते. या सोयीच्या व्यवहारात काय वाया जाते आणि त्याऐवजी काय करता येईल, याविषयी आपल्या पत्राद्वारे वाचकांशी बोलावे, असे वाटले. मी स्वतः अनेक वर्षे जुने टाइपरायटर जमवले असून आता त्यांतील जादा यंत्रे आणि सुट्या भागांची खोकी विकायला काढली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्यापुरता कागदी राहिलेला नाही.

संग्रहात जादा माल का साठतो, असे काही स्नेह्यांनी विचारले. त्याचे उत्तर खरेदीच्या पद्धतीत आहे. बंद पडलेला वर्ग निवडून यंत्रे देत नाही. घ्यायची तर सगळी घ्या, असा मालकाचा आग्रह असतो आणि तो रास्तही आहे. त्या ढिगात एखाद-दुसरे यंत्र जपण्याजोगे निघते, काही दुरुस्त होण्यासारखी असतात आणि उरलेली दुसऱ्यांना भाग पुरवण्यापलीकडे उपयोगाची नसतात. असे दोन-तीन ढीग घरी आले की रोलर (कागद ज्यावर गुंडाळतो तो रबरी दंडगोल), फीड रोलर, रिबिनीची चाके, मेन स्प्रिंगा, कॅरेजचे (रोलरसह डावी-उजवीकडे सरकणाऱ्या भागाचे) पट्टे, घंट्या, ओळीची हद्द ठरवणारे मार्जिन स्टॉप, पत्र्याची झाकणे आणि टाइपबार (टोकाला अक्षराचा टाइप असलेल्या दांड्या) यांची खोकी छताला भिडू लागतात. ही खोकी नुसती राखून ठेवणे म्हणजे जतन नव्हे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एका माणसाच्या माळ्यावर दहा रोलर पडून असावेत आणि दुसऱ्या तालुक्यातील अर्जनवीस रोलर झिजला म्हणून यंत्र मोडीत काढायला निघालेला असावा, याला संग्रह म्हणण्यात अर्थ नाही.

नवे भाग आता कुठून मिळणार, याचा विचार केला म्हणजे या खोक्यांची किंमत कळते. गोदरेज अँड बॉईसने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवले. २०११ साली त्यांच्या शिरवळच्या कारखान्यातील उरलेल्या थोड्या यंत्रांच्या बातम्या देशविदेशात छापून आल्या, तेव्हा त्या साठ्यातील बहुतेक यंत्रे अरबी लिपीची होती. कोलकात्याची रेमिंग्टन, मद्रासची हाल्डा आणि फॅसिट ही आपल्या कचेऱ्यांतील इतर ओळखीची नावे; त्यांचे उत्पादन तर त्याआधीच थंडावले होते. त्यामुळे चालू यंत्राला लागणारा भाग आता दुसऱ्या यंत्राच्या पोटातूनच काढावा लागतो. बंद पडलेले प्रत्येक यंत्र चालू यंत्राचे भांडार असते आणि ते काट्यावर गेले की ते भांडार कायमचे आटते.

विदर्भाच्या ग्रामीण भागात ही यंत्रे किती खोलवर पोचली होती, हे नव्या पिढीला सांगूनही पटणार नाही. तहसील कचेरी, दिवाणी न्यायालय आणि पंचायत समिती तर होत्याच. त्याखेरीज जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, खरेदी-विक्री संघ, कृषी उत्पन्न बाजार समित्या, शाळा आणि सूतगिरण्या यांच्या कार्यालयांतूनही टाइपरायटर असे. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा खरेदी केंद्रांच्या लांबच लांब तक्त्यांसाठी रुंद कॅरेजच्या यंत्रांना मोठे काम मिळाले. आजही जिनिंगच्या कार्यालयातून निघालेले यंत्र ओळखायला वेळ लागत नाही. तळाचा पत्रा काढला की आत तेलात भिजून घट्ट झालेला रुईचा थर सापडतो आणि तो चिमट्याने उपसून काढल्याशिवाय कळा मोकळ्या होत नाहीत.

टंकलेखनाच्या वर्गांची कथा वेगळी सांगायला हवी. दहावी-बारावी झालेली हजारो मुले-मुली सकाळ-संध्याकाळ एकेक तास या यंत्रांवर बसली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी व इंग्रजी तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे, ही लिपिकाच्या नोकरीची पहिली पायरी होती. पुढे ती परीक्षा संगणकावर गेली आणि वर्गांना यंत्रे ठेवण्याचे कारण उरले नाही. हा बदल आवश्यक होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र वर्गातील यंत्रांवर वर्षानुवर्षे नवशिक्या बोटांचा मारा झालेला असतो, म्हणून ती विकत घेणाऱ्याने बाहेरचा रंग पाहून भुलू नये. त्यांचे टाइप झिजलेले, स्पेस बारची दांडी वाकलेली आणि कॅरेज दात चुकवणारे असू शकते. उलट न्यायालयाच्या किंवा बँकेच्या कार्यालयातील यंत्र दिसायला कळकट असले, तरी एकाच हाताखाली राहिल्यामुळे आतून बरे निघते.

आता देवनागरी यंत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विक्रीत सर्वाधिक गोंधळ त्यांच्याच बाबतीत होतो. टाइपरायटरवर चिन्हांना जागा जेमतेम नव्वदच्या आसपास. तेवढ्यात स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, काना-मात्रा, रफार, अंक आणि विरामचिन्हे बसवायची, म्हणून रचनाकारांनी मोठी हुशारी केली. ख, घ, थ, ध, भ, ण, श यांसारख्या अक्षरांचे फक्त अर्धे रूप यंत्रावर ठेवले आणि त्याला काना जोडून पूर्ण अक्षर उमटवण्याची सोय केली. अनुस्वार, मात्रा, उकार यांच्या कळा मात्र वेगळ्या वागतात. त्या दाबल्या की चिन्ह उमटते, पण कॅरेज पुढे सरकत नाही, त्यामुळे पुढचे अक्षर त्याच जागी येऊन बसते. या न सरकणाऱ्या कळांच्या टाइपबारची घडण इतर टाइपबारपेक्षा निराळी असते. म्हणून इंग्रजी यंत्रातून काढलेला टाइपबार देवनागरी यंत्रात डोळे झाकून बसवता येत नाही. बसवला तर प्रत्येक अनुस्वारानंतर कॅरेज एक घर पुढे जाते आणि मात्रा अक्षराच्या शेजारी लटकते. रोलर, स्प्रिंग, घंटी, रिबिनीची चाके हे भाग मॉडेल जुळले की इंग्रजी-मराठी असा भेद न करता चालतात. टाइप आणि टाइपबार यांना मात्र लिपीची अट आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. हे लक्षात घेतले म्हणजे विदर्भात हिंदी कळफलकाची यंत्रे का आढळतात, याचे नवल वाटत नाही. पुढे १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर मराठी यंत्रांची मागणी वाढत गेली. घेणाऱ्याने ‘देवनागरी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. कागद लावून कळफलकावरील प्रत्येक कळ, शिफ्टसह, एकदा उमटवून पाहावी आणि ल, श यांचे वळण मराठी आहे की हिंदी, ते तपासावे. विकणाऱ्यानेही असा उमटवलेला कागद यंत्रासोबत द्यावा. यंत्र चालू असल्याचा याहून चांगला दाखला नाही, आणि कोणते अक्षर झिजले आहे, कोणते ओळीच्या वर उडते, हे त्याच कागदावर दिसते.

देवनागरी टाइपांच्या बाबतीत मी माझ्यापुरता एक दंडक घालून घेतला आहे. टाइप दांडीच्या टोकाला झाळलेला असतो. तो सुटा काढून दुसऱ्या दांडीवर पुन्हा झाळणे आणि ओळीत आणणे हे कसबी मेकॅनिकचे काम आहे आणि असे हात आता थोडे उरले आहेत. त्यामुळे बंद पडलेल्या मराठी यंत्राचा सगळा टाइप-संच मी अखंड विकणार आहे. त्यातला एक ‘ज्ञ’ किंवा एक ‘क्ष’ मागणाऱ्याला मेकॅनिकचे नाव विचारीन आणि मगच देईन. हे काहींना आडमुठेपणाचे वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

याहून अधिक कठोर मी कळांच्या बाबतीत आहे. धातूची कडी आणि त्यावर काच असलेल्या जुन्या कळा कापून त्यांची कर्णफुले, अंगठ्या आणि शर्टाची बटणे करण्याचा उद्योग परदेशात बराच रुजला आहे आणि इकडेही अशा कळांची विचारणा होऊ लागली आहे. पाण्यात बुडून गंजलेल्या, ज्याचे कॅरेज हलत नाही अशा यंत्राच्या कळा कुणी दागिन्यासाठी नेल्या, तर माझी हरकत नाही. पण चालू यंत्राच्या कळा कापल्या की ते यंत्र कायमचे निकामी होते. विकणाऱ्याने कळांचे पैसे वेगळे आणि उरलेल्या लोखंडाचे वेगळे असा हिशेब मांडला, तर त्याला आज चार पैसे अधिक मिळतील हे खरे. तरीही तो हिशेब मी मांडणार नाही.

किमतीविषयी लोकांच्या कल्पना दोन टोकांना असतात. एक तर ‘नेऊन टाका, अडगळ आहे’ किंवा मग ‘आजोबांच्या काळातले आहे, लाखाला जाईल’. वय म्हणजे किंमत नव्हे. मोठ्या कंपन्यांनी कचेरीची यंत्रे प्रचंड संख्येने बनवली, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांचे इंग्रजी यंत्रसुद्धा दुर्मीळ असतेच असे नाही. यंत्र चालते का, सगळे भाग जागेवर आहेत का, रोलरचे रबर मऊ आहे का, लिपी कोणती, अक्षराचा आकार कोणता, कॅरेज किती रुंद, हलक्या पोर्टेबल यंत्राची मूळ पेटी सोबत आहे का, या गोष्टींवर भाव ठरतो. रोलरवर नखाने दाबून पाहावे. खूण उमटत नसेल तर रबर दगड झाले आहे, असे समजावे. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे काढलेल्या यंत्राचा रोलर मऊ राहणे कठीणच. कडक रोलरवर टाइप आपटून झिजतो, कागद फाटतो आणि आवाज वाढतो. म्हणून मऊ रोलर हा माझ्या खोक्यांतील सर्वांत मोलाचा भाग आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

ज्यांच्याकडे शंभर वर्षांहून जुने यंत्र असेल, त्यांनी ते परदेशी ग्राहकाला पाठवण्यापूर्वी १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम जाणकाराला दाखवावा. शंभर वर्षांची मुदत त्या कायद्यात महत्त्वाची आहे आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. प्रत्येक जुना टाइपरायटर त्या व्याख्येत बसेल असे मी म्हणत नाही, पण विचारून घेण्यात नुकसान नाही.

सरकारी कार्यालयातून निघालेल्या यंत्रांच्या बाबतीत कागदपत्र जपणे आवश्यक आहे. अशा यंत्रांच्या पाठीवर किंवा बाजूला पांढऱ्या रंगाने कार्यालयाचे नाव आणि जडवस्तू नोंदवहीतील क्रमांक घातलेला असतो. ते यंत्र निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदवहीतून कमी होऊन, लिलावात गेले असेल, तर लिलावाची पावती पुढच्या घेणाऱ्यालाही द्यावी. काही विक्रेते संशय नको म्हणून ती पांढरी अक्षरे थिनरने पुसून टाकतात. त्यामुळे संशय वाढतो आणि यंत्र कोणत्या कचेरीत राबले याची एकमेव खूणही जाते. कारखान्याचा अनुक्रमांक तर कधीच खरवडू नये. अनेक परदेशी बनावटींच्या यंत्रांचे वर्ष त्यावरूनच काढता येते.

यंत्र विकण्यापूर्वी ते ‘चालू करून’ देण्याच्या उत्साहात लोक घरातले तेल ओततात, हा आपल्याकडचा खास रोग आहे. खोबरेल आणि गोडे तेल वाईटच, पण जवसाचे तेल सर्वांत घातक, कारण ते वाळून त्याचा चिकट पापुद्रा होतो आणि टाइपबार सेगमेंटच्या, म्हणजे ते ज्यात बसवलेले असतात त्या अर्धगोल पट्टीच्या, खाचांत जागच्या जागी रुतून बसतात. आमच्या भागात जवस घरोघरी असे, त्यामुळे अशी यंत्रे मी बरीच पाहिली आहेत. आधी कोरड्या ब्रशाने धूळ आणि तंतू काढावेत, मग सेगमेंटच्या खाचा रॉकेलने किंवा पेट्रोलने, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर, धुवाव्यात आणि त्या कोरड्याच ठेवाव्यात. तेथे तेल घातले की पुन्हा धूळ धरते. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फक्त कॅरेजच्या पट्ट्यांना पुरतो. एवढे करण्याची तयारी नसेल, तर यंत्र जसे आहे तसे, न चालणारे म्हणूनच विकावे. घेणाऱ्याला ते अधिक सोयीचे पडते.

गावाहून गावाला यंत्र पाठवणे हा वेगळाच विषय आहे. एस. टी.च्या पार्सलात टाइपरायटर टाकला आणि तो धड पोचला, असे क्वचितच घडते, कारण कॅरेज मोकळे असते आणि प्रत्येक धक्क्याला ते एका बाजूला आदळते. दोन्ही मार्जिन स्टॉप मध्यभागी आणून कॅरेज अडकवावे, शिवाय सुताच्या पट्टीने चौकटीला बांधावे. ओळ बदलण्याचा दांडा बाहेर राहतो आणि तोच प्रथम मोडतो, म्हणून त्याच्याभोवती फोम किंवा जुनी गोधडी घट्ट भरावी. यंत्र पायांवर उभेच राहील असे खोके बांधावे. पोर्टेबल यंत्र पेटीत आहे म्हणून सुरक्षित आहे, असे मानू नये. पेटीची कुलपे जुनी असतात आणि वाटेत उघडतात. सुटे भाग पाठवताना मात्र खर्च थोडा येतो. स्प्रिंगा आणि स्क्रू यंत्राच्या मॉडेलनुसार वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर नाव लिहिले की झाले. सगळ्यांचा एकच डबा केला, तर तो डबा कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही, कारण हाल्डाचा स्क्रू रेमिंग्टनला लागेलच असे नाही आणि घेणारा तासन्तास चाळत बसणार नाही.

माझी विक्री मी पुढील क्रमाने करणार आहे. सुट्या भागांवर पहिला हक्क मेकॅनिकांचा आणि अजून टाइपरायटरवर पोट असणाऱ्या अर्जनवीस-दस्तलेखकांचा. त्यांना भाग जवळजवळ भंगाराच्या दरानेच देईन, कारण त्यांच्या हातात गेलेला भाग दुसऱ्याच दिवशी कामाला लागतो. चालू मराठी यंत्रे त्यानंतर शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांना दाखवीन. तालुक्याच्या ग्रंथालयात वाचकाला स्वतः कागद लावून आपले नाव उमटवता येईल असे एक यंत्र असावे, अशी माझी इच्छा आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या जुन्या संस्थेनेही चालू मराठी टाइपरायटर त्याच्या सुट्या भागांच्या संचासह मिळवून ठेवावा, असे सुचवतो. काचेमागे ठेवलेले आणि कधीच न चालवलेले यंत्र दहा वर्षांत आतून जाम होते, एवढे मात्र त्यांनी ध्यानात घ्यावे. संग्राहकांचा क्रम त्यानंतर येतो. शेवटी हॉटेल, फोटो स्टुडिओ आणि लग्नाच्या सजावटीवाले उरतात. त्यांची मला मुळीच अडचण नाही. पोकळ झालेले, भाग काढून घेतलेले सांगाडे त्यांनी खुशाल न्यावेत. रंग लावला की ते छायाचित्रात उत्तम दिसतात.

आपल्या पत्राला एक विनंती आहे. जिल्हा आवृत्तीत शेतमालाचे भाव आणि लिलावाच्या जाहिराती नियमित छापल्या जातात. बंद होणाऱ्या टंकलेखन वर्गाने किंवा कार्यालयाने यंत्रे काढण्यापूर्वी त्यांची संख्या, बनावट आणि लिपी कळवली, तर दोन ओळींची सूचना त्याच पानावर आपण द्यावी. जिल्ह्यातल्या मेकॅनिकांना आणि संग्राहकांना तेवढीच बातमी हवी असते. कार्यालयांनीही लिलावाच्या सूचनेत ‘जुने टाइपरायटर, नग अमुक’ एवढेच न लिहिता बनावट आणि लिपी नमूद करावी आणि सगळ्यांचा एकच गठ्ठा न करता यंत्रनिहाय बोली घ्यावी, म्हणजे भंगारवाल्याखेरीज इतरांनाही बोलीत उतरता येईल. असे केल्याने कार्यालयाच्या पदरातही थोडे अधिकच पडेल.

माझ्याकडील यंत्रांची आणि भागांची मॉडेलनिहाय यादी मी गावच्या ग्रंथालयाच्या सूचना फलकावर लावली आहे. दिवाळीपर्यंत ज्यांना मागणी येणार नाही, ते सांगाडे आणि वाकलेले पत्रे तेवढे काट्यावर जातील. टाइप-संच आणि रोलर जाणार नाहीत. पाहायला येणाऱ्यांनी आपली यंत्राची अडचण नीट सांगावी, शक्य असल्यास मोडलेला भाग सोबत आणावा आणि रिबीन स्वतःची आणावी, कारण चांगली रिबीन माझ्यापाशीही शिल्लक नाही.

आपला नम्र,
एक टाइपरायटर संग्राहक
दारव्हा, जि. यवतमाळ